मामांचं ‘जाऊ द्या’

शांतवनमामा बैल बघायला उभे राहिले की आधी बैल सोडून बाकी सगळं बघत. मालकाच्या चपला, कासरा धरलेला हात, बैल ज्या टेम्पोतून आला त्याच्या हौद्यात उरलेला चारा. एखादा हौशी मालक बैलाची झूल काढून पाठ थोपटून दाखवायला लागला की मामा घाईघाईने म्हणत, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. जरा पलीकडं चालवत न्या." बैल पाठमोरा झाला की चष्मा काढून हातात घेत आणि त्याच्या पायांकडे टक लावून बघत. लांबचं बघायला चष्मा काढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तो चष्मा नेमका कशासाठी होता, हे मला कळलं नाही. मामांच्या बाबतीत मला न कळलेल्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात सोपी.

मामा स्वतः बैलवाले नव्हते. रांजणगावच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडमध्ये त्यांचं घर, रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर ठरलेली जागा. दारात कधी शेळीसुद्धा बांधलेली नव्हती. तरी यात्रांचा हंगाम लागला की शिरूरकडच्या घाटांवरून मामांना फोन येत. आज कोणाचा गाडा चालणार, हे मामा बैल बघून सांगतात, अशी त्यांची ख्याती.

ज्यांनी आमच्याकडचा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाची एक आखलेली वाट असते. खाली गाड्याला चार बैल जुंपतात. गाड्यावर माणूस कुणी नसतो. पुढे एक जण घोडीवर बसून तयार असतो. घोडी सुटली की तिच्या मागे चारही बैल वर धावत सुटतात. दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. याला बारी म्हणतात. ज्याचे सेकंद सगळ्यात कमी, तो गाडा पहिला. या दहा-बारा सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाचं खाणंपिणं सांभाळतात, त्याला शिंक आली तर स्वतः जेवत नाहीत. मला हे वेड समजत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण राहू गावात बसलेले माझे वडील त्यातलेच.

मामांचे प्रश्न ऐकण्यासारखे असत. "टेम्पोत कुठल्या अंगाला उभा हुता?" "ह्या आठवड्यात कितवा घाट?" "काल पाणी तुम्ही पाजलं का दुसऱ्या कुणी?" एकदा एक मालक वैतागून म्हणाला, "मामा, बैल बघताय का मुलगी?" मामा गंभीरपणे म्हणाले, "मुलगी बघताना एवढं कोण इचारतं व्हय?" सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते विनोद करतायत की खरंच विचारतायत, हे समोरच्याला कधी ठरवता येत नसे, आणि मला वाटतं त्यांनाही येत नसावं.

"पुढनं समदेच शहाणे दिसत्यात," ते म्हणायचे. "माणूस काय न् जनावर काय, पाठमोरं बघावं." या एका वाक्याने माझी पंचाईत करून ठेवली होती. त्यांच्या टेबलापासून परत जाताना मला आपण नीट चालतोय की नाही अशी शंका यायची आणि मग खरंच पाय अडखळायचा. चर्चमध्ये तर म्हणे एका लग्नात नवरदेव डोळ्यांत पाणी आणून वेदीकडे चालला होता, अख्खी मंडळी गहिवरली होती, आणि मामा बायकोच्या कानाशी लागून म्हणाले, "डावा बूट चावतोय त्याला." संध्याकाळी त्या मुलाच्या टाचेला पट्टी होती. रूथमामी ही गोष्ट सांगताना कपाळावर हात मारून घ्यायच्या.

रूथमामींना हे घाटाचं प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. मामांनी कधी पैज लावली नाही, एक चहासुद्धा नाही. पण दुसरे लावतात ते यांच्या शब्दावर, मग पाप कुणाचं, असा मामींचा सवाल होता. एकदा पाळकसाहेब घरी येऊन बसले आणि त्यांनीही हळूच तेच विचारलं. मामा म्हणाले, "मी नुसता बघतो साहेब." पाळकसाहेब म्हणाले, "बघता ते ठीक. पण बोलता कशाला?" मामा म्हणाले, "इचारत्यात लोकं." मामी सांगतात, त्यानंतरचे दोन महिने ते घाटावर गेले, पण तोंड उघडलं नाही. फक्त बघून परत आले. पुढे परत बोलायला लागले, ते कधी आणि का, कुणाला सांगता येत नाही.

मामांचं नेहमी बरोबर यायचं का? लोक म्हणतात, यायचं. मी स्वतः पाहिलंय, कधी यायचं, कधी नाही. चुकलेलं लोक विसरायचे. आमच्या खात्यात रामप्रवेश नावाचा बिहारकडचा पोरगा होता. त्याला आम्ही एका रविवारी घाटावर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा बैलगाडा बघत होता. मामांनी सकाळपासून तपास करून एक गाडा सांगितला. रामप्रवेशने चहा पिता पिता दुसऱ्याच गाड्याकडे बोट केलं, "वो वाला." तोच पहिला आला. आम्ही मामांची भरपूर चेष्टा केली. मामांना चेष्टेचं काही वाटलं नाही, पण त्या पोराला ते सोडेनात. "तुला काय दिसलं, बाबा? सांग ना, क्या दिखा?" तो बिचारा लाजून म्हणाला, "लाल रंग अच्छा लगा, मामा." सोमवारी शिफ्टला आल्यावर मामा मला म्हणाले, "गाडा लाल हुता, हे मी बघितलंच न्हाई बग." ते खरोखर अस्वस्थ होते. पुढचे कितीतरी दिवस मी त्यांना सांगत होते की मामा, रंगाचा काही संबंध नसतो. ते मान हलवायचे, आणि घाटावर गेले की गाड्याचा रंग बघून घ्यायचे.

आता त्या शब्दाकडे येते.

आमच्या इन्स्पेक्शनला माल रोलरवरून टेबलावर येतो. मामा तो हातात घेत, फिरवत, मापाचं गेज लावत आणि नापास असेल तर काही न बोलता लाल पेटीत टाकत. पास असेल तर तळहाताने पुढे ढकलत म्हणत, "जाऊ दे." दिवसातून शेकडो वेळा. जाऊ दे, जाऊ दे, जाऊ दे. आमच्या खात्यात पास शब्द कुणी वापरतच नसे. नवा सुपरवायझर आला की त्यालाही चार दिवसांत सवय लागे. "मामांचं जाऊ दे झालं का?" म्हणजे मामांनी पास केलं का. सात वर्षं माझ्या कानांना त्या शब्दाचा हा एकच अर्थ माहीत होता. घरीदारी इतर माणसं तो शब्द कशी वापरतात, हे मी विसरून गेले असणार, दुसरं काय म्हणू?

माझे वडील, आबा, राहूत एकटे असतात. आई गेल्यावर वर्षभर ते कुणाशी धड बोलत नव्हते. शेत वाट्याने दिलं होतं. सकाळी उशिरापर्यंत पडून राहायचे. मी फोन केला की "हं, हाय" एवढंच. मग एका बाजारातून त्यांनी हिऱ्याला आणलं, अजून दात न पडलेलं वासरू होतं ते. त्यानंतर आबा पहाटे उठायला लागले. फोनवर हिऱ्याचं बोलायला लागले. किती चालवला, कसा पोहला, खायला किती अंडी घातली. मी पण ऐकायचे. कुणाबद्दल का होईना, माणूस बोलतोय ना. हिऱ्या चौसा, म्हणजे चार दातांचा, झाला तोवर त्याचं नाव झालं होतं. घाटात चार बैल लागतात आणि आबांकडे एकच, म्हणून न्हावऱ्याकडच्या आमच्या एका पाहुण्यांच्या गाड्याला तो पुढच्या जोडीत जुंपत. शिरूर तालुक्यातल्या एका मोठ्या यात्रेत त्या गाड्याचा नंबर फायनलला लागला. आबांच्या आयुष्यातली पहिली फायनल.

मी मामांना घेऊन गेले. मीच आग्रह केला. आबांना मामांबद्दल मी इतकं सांगितलं होतं की मामांना भेटायची आबांना ओढ लागली होती. डॉक्टरचा दाखला सकाळीच झाला होता, फिट. तरी आबांचं समाधान होईना. सकाळच्या बारीनंतर हिऱ्या पाणी प्यायला नव्हता. "उन्हानं असंल," पाहुणे म्हणाले. आबा मामांना म्हणाले, "मामा, तुम्ही सांगा. पळवू का नको? तुम्ही न्हाई म्हणला तर दुसरा बैल हाय पाहुण्यांकडं. मला फायनलचं काय न्हाई. माझा बैल मला धड घरी न्यायचाय."

हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण आबांना मनातलं एवढं सलग बोलताना मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

मामा टेम्पोत डोकावले. आबांचा हात बघितला. "चालवत न्या," म्हणाले. आबा हिऱ्याला घेऊन चिंचेच्या झाडापर्यंत गेले, परत आले, परत गेले. मामांनी तीनदा चालवायला लावलं. लाउडस्पीकरवर निवेदक गाड्यांची नावं पुकारत होता, मंडपात कुणाचा तरी सत्कार चालला होता, धुळीने डोळे उघडत नव्हते. मामा बघत राहिले. मग आबा जवळ आल्यावर त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "जाऊ द्या, आबा."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना नीट उलगडा झाला नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा मी टाळी वाजवली. "पास!" मी म्हणाले. "आबा, मामांचं जाऊ द्या म्हणजे पास. कारखान्यात कुणालाही विचारा." मामा तोवर वळून गर्दीतून पाणी शोधायला गेले होते. आबांनी हिऱ्याच्या कपाळावर भंडारा लावला.

गाडा पहिला आला. हे मी आधी सांगते, कारण लोकांना तेच आठवतं. घोडी सुटली, बैल सुटले, हिऱ्या पुढच्या जोडीत असा गेला की त्याचे पाय मला दिसलेच नाहीत. वर निवेदक ओरडायला लागला, टोप्या उडाल्या, पाहुणे एकमेकांच्या गळ्यात पडले. आम्ही धावत चढावर पोचलो तेव्हा हिऱ्या उजवा पुढचा पाय उचलून उभा होता. टेकवत नव्हता. आबा त्याच्या पायाशी खाली बसले ते उठेनात. लोक त्यांच्यावर भंडारा उधळत होते आणि ते बैलाचा पाय धरून बसले होते. त्या दिवशीच्या फोटोत माझे वडील पिवळेधमक दिसतात आणि त्यांचं तोंड खाली आहे.

डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू फाटलाय, चालेल पण पळवू नका. कधीच.

मग मामांनी काय सांगितलं होतं? जिंकेल, जाऊ द्या, असं? तसं असेल तर बरोबर आलं. की नादाला लागू नका, राहू द्या, असं? तसं असेल तर तेही बरोबर आलं. मी तेव्हापासून हे दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा फिरवून पाहिलंय की कधी कधी तो शब्दच मला परका वाटतो. पाहुणे म्हणत, मामांनी बरोबर ओळखलं, गाडा नंबरात आणला. आबा काहीच म्हणत नसत. आणि मी? मला मामांचा राग आला, मग माझा आला, मग पुन्हा त्यांचा. साधं हो किंवा नाही म्हणायला त्यांच्या बापाचं काय जात होतं, असंही मी एकदा मनात म्हटलंय. आता ते नाहीत, तर लिहायला लाज वाटते.

सोमवारी शिफ्ट सुरू होण्याआधी मी सरळ विचारलं, "मामा, तुम्ही पळवा म्हणालात की नका पळवू म्हणालात?"

मामा गेज पुसत होते. म्हणाले, "मी जाऊ द्या म्हणालो."

"ते माहितीये. पण कोणतं जाऊ द्या?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू दोन आहेत हे त्यांना पहिल्यांदाच समजत होतं. नंतर रोलरवरून माल यायला लागला. पहिला नग त्यांनी हातात घेतला, फिरवला आणि काहीही न बोलता पुढे ढकलला. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मामांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नाही. पास झालेला माल ते मुकाट्याने ढकलत. आमच्या खात्याला काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग त्याचीही सवय झाली. घाटावर जाणंही त्यांनी बंद केलं. फोन आला तर मामी उचलत आणि ते झोपलेत म्हणून सांगत.

मी मामींकडेही गेले होते, चोरून. त्यांनी चहा केला आणि म्हणाल्या, "अगं, माझा संसार गेला ह्यांच्या त्या शब्दात. पाळकसायबांकडं डबा पाठवू का, इचारलं, तर जाऊ दे. मी पाठवला न्हाई. तर हे संध्याकाळी म्हणत्यात, साहेब उपाशी बसलं आसतील की गं! मी काय समजायचं?" मग म्हणाल्या, "हात बघायचा. पुढं ढकलल्यासारखा हात केला की पाठव. नुसतं तोंडानं म्हणलं की नको पाठवू. त्या दिवशी हात कसा हुता?"

"हातात चष्मा होता, मामी."

मामींनी कपाळाला हात लावला.

पण इथून पुढचं मला जास्त समजत नाही. निवृत्त झाल्यावर मामा दर रविवारी उपासना झाली की स्कूटर काढायचे आणि शिरूरहून थेट राहूला जायचे. आमच्या घरी. मला हे आबांनी सांगितलं नाही, मामांनीही नाही. शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं, "तुमचं ते चर्चवालं मामा आज बी आलं हुतं गं." काय करतात, विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई. दोघं हिंडवत्यात त्या लंगड्याला." मला वाटलं, माफी मागायला जात असतील. मग वाटलं, माफी मागायला कुणी दर रविवारी जातं का? मग वाटलं, आबांना एकटं वाटू नये म्हणून. आबांना विचारलं तर म्हणाले, "येत्यात. येऊ दे."

हिऱ्याला गिऱ्हाईकं आली होती. आबांनी विकला नाही. पण पूर्वीसारखं फोनवर बोलणंही बंद झालं होतं, आणि मला धास्ती वाटत होती की आई गेल्यानंतरचं ते वर्ष परत येणार. तसं झालं नाही. का झालं नाही, याचं श्रेय मी कुणाला द्यावं, मला ठरवता येत नाही.

मामा मागच्या पावसाळ्यात गेले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी न सांगता राहूला गेले होते. घराला कुलूप नव्हतं आणि घरात कुणी नव्हतं. मागच्या वावरात गेले तर उसाच्या कडेच्या वाटेवर आबा कासरा धरून पुढे, मागे हिऱ्या, आणि बांधावर मामा उभे, चर्चचा पांढरा सदरा घातलेले, बारीक झालेले. हिऱ्या प्रत्येक पावलाला उजवीकडे झुकत होता. मी मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी मला बघितलं, पण नवल काही केलं नाही.

"मामा," मी म्हणाले, "कशाला येता एवढ्या लांब? आबांच्या मनात काही नाहीये."

"आबांसाठी न्हाई येत गं," मामा म्हणाले. त्यांची नजर बैलावरून हलली नाही. "मला आठवंना झालंय. त्या दिवशी तीनदा चालवला. तिसऱ्या टायमाला त्याच्या चालीत मला कायतरी दिसलं हुतं. चांगलं दिसलं हुतं का वाईट, तेच आठवंना. तू इचारलंस तवापासनं आठवतोय. परत चाल बघितली तर आठवंल म्हणून येतो. पण आता ती चालच न्हाई ऱ्हायली त्याची."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. इतके दिवस मी समजत होते की मामांना माहीत आहे आणि ते सांगत नाहीत.

वाटेच्या टोकाला आबा थांबले. वळून त्यांनी मामांना हाक मारली, "दिसलं का काय?"

म्हणजे आबांना ठाऊक होतं. पहिल्या रविवारपासून ठाऊक असणार.

मामांनी नकारार्थी मान हलवली. आबांनी हिऱ्याच्या मानेवरून हात फिरवला, त्याला जरा दम खाऊ दिला, आणि मग कासरा हळूच ओढत त्याला परत वळवलं. "बरं, परत बघा मग," ते म्हणाले, आणि बैलाला घेऊन चालायला लागले.